‘मीआ रचो’ या दोन शब्दांबाबत

पोलीस ठाणे तिरोडा, जि. गोंदिया
दि. १७ नोव्हेंबर २००९

मी रचना ताराचंद नंदागवळी, वय २८ वर्षे, शिक्षण बी.सी.ए., धंदा सायबर कॅफे व टायपिंग, रा. आंबेडकर वार्ड, तिरोडा, ता. तिरोडा, जि. गोंदिया. आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी आई रुक्माबाई हिच्यासह राहते. ‘मेघकोट’ या हिंदी मालिकेच्या कंपनीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, की मी कंपनीची व तिच्या चार भागीदार कंपन्यांची भर बाजारात बदनामी केली. कंपनीतर्फे तक्रारदार हिमांशू खेतान हे याच खोलीत पंख्याखाली बसले आहेत. हवालदार हिरालाल पटले साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगून माझं खूप नुकसान झालं आहे, म्हणून सगळं सांगते आणि जसं बोलते तसंच लिहावं ही विनंती.

‘मेघकोट’ ही ढगांवर बसलेल्या राज्याची गोष्ट आहे. तिच्यात डोंगराच्या पोटात राहणारे खोहवाले नावाचे लोक आहेत. मालिकेत हे लोक नुसते ‘हूं हूं’ करत. पैसा ओतून सेट उभा केला, पण खोहवाल्यांच्या तोंडात चार शब्द घालायचं कुणाला सुचलं नाही. सन २००५ मध्ये मी ‘मेघकोट दरबार’ नावाची वेबसाईट सुरू केली. मालिका आवडणारे लोक तिथे येऊन बोलत. इंदूर, रायपूर, सागर, जबलपूर, कुठून कुठून येत. त्यांच्या हट्टापायी मी खोहवाल्यांना भाषा दिली.

ती भाषा मी हवेतून काढली नाही. माझी आई आणि वार्डातल्या बाया विड्या वळत. ठेकेदाराचा मुनीम समोर बसून विड्या छाटे, म्हणजे खोट काढून बाजूला फेके. त्याच्यासमोर त्याला शिव्या देता याव्यात म्हणून बाया उलटी बोलत. उलटी म्हणजे शब्द मागून पुढे वाचायचा. मुनीम आला, हे ‘मनीमु लाआ’. आई म्हणजे ‘ईआ’, पानी म्हणजे ‘नीपा’, राजा म्हणजे ‘जारा’. मुनीम मान डोलावे, त्याला वाटे बाया गोंडी बोलून राहिल्या. मी हीच उलटी खोहवाल्यांना दिली. नियम कुणाला सांगितला नाही. मराठी पोरांच्या ध्यानात आलं की ती हसत आणि आपल्यात सामील होत. इंदूरची एक मुलगी स्वतःच्या आईला फोनवर ‘ईआ’ म्हणायची. ते मी वाचून दाखवलं, तर माझी आई दिवसभर हसत होती.

सन २००७ मध्ये हिमांशू खेतान यांचा मुंबईहून फोन आला. म्हणाले, “रचनाजी, आप तो जीनियस हो.” सर्व्हरवाली कंपनी, मोबाईलवाली कंपनी, मेसेजवाली कंपनी आणि कॉम्प्युटरवाली कंपनी, अशा चार कंपन्या टेक्नॉलॉजी पार्टनर म्हणून जोडणार, वेबसाईट मोठी करणार, आणि मी तिची प्रमुख राहणार. मी हुरळली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय! पासवर्ड मागितला, मी दिला. पासवर्ड म्हणजे घराची चाबी असते हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते, आणि मीच दिला.

त्यानंतर माझा पासवर्ड चालेनासा झाला. वेबसाईट चकाचक झाली. खाली चार कंपन्यांची चिन्हं रांगेत बसली, आणि भाषेच्या खाली ‘निर्मिती : लँग्वेज टीम, मुंबई’ असं आलं. माझं नाव भिंगातून शोधलं तरी नाही. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. वर्षभर साहेब मीटिंगमध्येच होते. मग मी लहानसं दुसरं पान काढलं आणि तिथे उलटीचे शब्द टाकले. लगेच वकिलाची नोटीस आली. त्यात असं, की या भाषेतला शब्द न् शब्द कंपनीची व तिच्या भागीदारांची मालमत्ता आहे, आणि परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे.

ती नोटीस मी आईला मराठीत वाचून दाखवली. आई म्हणाली, “आमची बोली आमीच बोललो त गुन्हा? मंग थो मुनीमच बरा होता बाई. थो निसत्या विड्या छाटे.” त्यानंतर आई दोन-चार दिवस उलटी बोललीच नाही. शेजारच्या गीताबाईनं उलटीत हाक मारली तरी सरळ उत्तर देई. तुले भेव लागते का, असं मी विचारलं, तर म्हणाली, कोर्टकचेरीचं कायले लचांड पाहिजे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुनिमासमोर जिची जीभ कधी अडली नाही ती माझी आई स्वतःच्या चुलीपाशी जीभ आवरून बसली होती. त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाला सोडायचं नाही. हे वाक्य पटले साहेब गाळायला म्हणाले. गाळू नये.

या वर्षी पावसाळ्यात हिमांशू खेतान यांचा आपणहून फोन आला. आवाजात साखर होती. मोबाईल कंपनी मेघकोटचा हँडसेट काढणार होती, आणि फोन चालू केल्याबरोबर खोहवाल्यांच्या भाषेत एक स्वागत ऐकू यायला हवं होतं. त्यांच्या लँग्वेज टीमकडे माझे जुने शब्द होते, पण नवा शब्द एक जमत नव्हता. जमणार कसा? आंबे चोरता येतात, झाड नाही उपटून नेता येत. म्हणाले, “बहन, एक छोटा सा वेलकम दे दो, पुरानी बातें छोड़ो.” मी म्हटलं, लिहून घ्या, ‘मीआ रचो’.

अर्थ मी आपणहून सांगितला नाही. त्यांनी विचारलं, मीआ यानी हम? मी म्हटलं, हां, मीआ म्हणजे आमी. हे शंभर टक्के खरं आहे. मग तेच ओरडले, “रचो! यानी बनाओ, क्रिएट करो! हम रचते हैं! वाह!” मी म्हटलं, आप जैसा समझो. यात मी खोटं काय बोलली ते तक्रारदारांनी दाखवावं. मुंबईत बसून त्यांच्या टीममध्ये एकालाही धड मराठी येत नाही, याला मी काय करू? पुढे भागीदार कंपन्यांनाही ते इतकं आवडलं, की चौघींनी आपापल्या जाहिरातीत घातलं.

याच महिन्याच्या आठ तारखेला कंपनीची गाडी जाहिरात करत करत तिरोड्याच्या बाजारात आली. मी आईला, गीताबाईला आणि विडीवाल्या सगळ्या बायांना घेऊन अगदी पुढे बसली. होय, मीच नेलं. चुकून गेल्या असं कुणी म्हणू नये. स्टेजवर हिमांशू खेतान आले, छातीवर हात ठेवला आणि माईकवर मोठ्यानं म्हणाले, “मीआ रचो!”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मीआ म्हणजे आमी. रचो म्हणजे चोर. आमी चोर. गीताबाई उठून उभी झाली आणि म्हणाली, “कोनाचं चोरलं गा बाबू?” साहेबांना वाटलं पब्लिक रंगात आली. म्हणाले, “और जोर से!” आणि परत छातीवर हात. मग चारही कंपन्यांचे साहेब एकामागून एक आले, टाय नीट केला, छातीवर हात ठेवला आणि आपलं आपलं सांगून गेले. दर वेळी बाया ओरडत, “होव! होव! मालूम हाये!” भाजीवाले तराजू सोडून हसत होते. माझी आई पदर तोंडाला लावून रडेपर्यंत हसली, आणि मग सगळ्यांदेखत माईकवाल्या साहेबाला उलटीत बोलली, “रचो लाआ!” त्या दिवसापासून घरात उलटी परत सुरू आहे.

कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि ते गोंदिया, भंडारा, नागपूर फिरलं. ते मी टिपलेलं नाही, पण टिपणाऱ्याचं भलं होवो. हँडसेट तोवर दुकानात पोहोचले होते, आणि चालू केला की प्रत्येक हँडसेट ते स्वतःच्या तोंडानं सांगतो.

आज ठाण्यात हिमांशू खेतान यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा शब्द निरर्थक आहे, त्याला काहीच अर्थ नाही, एवढं लिहून द्या, तक्रार लगेच मागे घेतो. नाहीतर कॅफेतले सगळे कॉम्प्युटर जप्त होतील. त्या कॅफेवर आमचं दोघींचं पोट आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी लिहून देणार नाही. अर्थ आहे, आणि तो मी वर लिहवला आहे.

माझं म्हणणं एवढंच. त्यांच्या नोटिशीप्रमाणे भाषेतला शब्द न् शब्द कंपनीचा आहे. मग ‘मीआ रचो’ हेही कंपनीचंच. आपल्या भाषेत आपणच आपल्याला चोर म्हटलं, त्यात माझा काय गुन्हा? आणि हा शब्द माझा असेल, तर बाकीचेही माझ्या आईचे आणि वार्डातल्या बायांचेच, आणि मग साहेब स्टेजवर जे बोलले ते खरं बोलले. दोहोंपैकी कोणतं, ते तक्रारदारांनी लिहून द्यावं.

पटले साहेबांनी तसं विचारलं. हिमांशू खेतान यांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन मुंबईला फोन लावला. मुंबईनं सांगितलं, चारही पार्टनरना विचारावं लागेल. आत येऊन ते म्हणाले, दोहोंपैकी कोणतंच लिहून देता येत नाही, तक्रार आजच मागे घेतो.

पटले साहेबांनी मला विचारलं, तुमची काही हरकत? माझी हरकत आहे. तक्रार राहू द्यावी, कोर्टात जाऊ द्यावी. तिथे जजसाहेब विचारतील, बदनामी झाली म्हणता, तर या शब्दाचा अर्थ काय? तो यांनी आपल्या तोंडानं मराठीत सांगावा. मी ऐकायला आईला घेऊन येईन.

हा जबाब पटले साहेबांनी मोठ्यानं वाचला, बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या आईलाही ऐकू गेला. ‘आमी’चं ‘आम्ही’ झालं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. आता माझ्या सांगण्यात आणि कागदात फरक नाही, म्हणून सही करते.

सही/-
रचना ताराचंद नंदागवळी

समक्ष
हिरालाल पटले, पोलीस हवालदार, तिरोडा