काशीरामचा लोण्याच्या रंगाचा झेंडू

...आणि वर लोक म्हणतात काय, तर शिरगावचा काशीराम खुळा! अहो, खुळा कसला? तुम्हाला सांगतो, त्याच्यासारखा प्रसंग आला असता ना, तर तुम्हीसुद्धा बियाण्याची पुरचुंडी घेऊन निमूट डॉक्टरांच्या दारात उभे राहिला असतात!

झालं काय, चौतीस सालच्या पावसात काशीरामची बायको सगुणा विहिरीच्या पायरीवर घसरली, उजवा हात मोडला, वैदूनं बांधला तो वाकडाच जुळला, भाकरी थापणं बंद, माळा ओवणं बंद, आणि फुलांच्या धंद्यात बायकोचा हात म्हणजे... अहो, निम्मा धंदा! तेव्हा आंबर्डेकर डॉक्टरांनी मुंबईहून बोटीनं क्ष-किरणांचं यंत्र नुकतंच आणलेलं, तेलाच्या इंजिनावर भकभक भकभक चालायचं. त्यांनी हाडाचा फोटो काढला, हात नव्यानं बसवला, दिवाळीला सगुणा माळा ओवतेय! आणि फी घेतली काय, तर एक परडी फुलं! आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा!

तर डॉक्टरांनी वाचलं कुठल्याशा विलायती मासिकात. लगेच काशीरामला बोलावणं. "काशीराम, हे किरण बियांवर सोडले की नव्या जातीची फुलं निपजतात म्हणे! आण तुझं झेंडूचं बी!" आणि काशीरामनं नेलं किती? चिमूटभर न्यावं की नाही? छे! दसऱ्यासाठी राखलेलं सगळं!

मिरगाला पेरलं. निम्मं उगवलंच नाही, उगवलं त्यातलं निम्मं खुरटलं, पानं अशी मुरडलेली, जशी एरंडेल पाजलेली पोरं! त्यात शेजारची गंगुबाई कुंपणावरून... "काय रे काशीराम, हाडं दिसलेली फुलं देवाक चालतात काय रे?" झालं! गिऱ्हाईक बिचकलं, तो दसरा कोरडा गेला. आणि डॉक्टर म्हणतात कसे, "अरे, खरी गंमत पुढच्या पिढीत! यांचंच बी धर, पुन्हा पेर!" सगुणा म्हणाली, "पेरा हो. त्यांनी सांगितलंय ना?" बरोबरच आहे. नाही कसं म्हणायचं, सांगा!

आणि तुम्हाला सांगतो, छत्तीस साली त्या अख्ख्या वाफ्यात एक... एकच झाड असं आलं, की काशीराम हातातली झारी टाकून बसलाच खाली! फूल वाटीएवढं, आणि रंग? केशरी नाही, पिवळा नाही, ताज्या लोण्याचा! डॉक्टर धावत आले, पाटलोणीसकट चिखलात गुडघे टेकले, डोळ्यांत पाणी. "काशीराम, असा झेंडू मी जन्मात पाहिला नाही रे! बी धरेपर्यंत एक फूल तोडू नकोस!" काशीरामनं खुणेला झाडाला लाल दोरा बांधला, बाजारभर सांगत सुटला... आणि घरात सांगायचं राहिलं!

दसऱ्याला काशीराम पहाटेच बाजारात. दुपारी डॉक्टर झाड बघायला आले, तर सगुणा ओटीवर नवं लुगडं नेसून उभी, हातात माळ, आणि ती लोण्याच्या रंगाची माळ तिनं सरळ डॉक्टरांच्या गळ्यात घातली, वाकून नमस्कार केला.

डॉक्टरांनी माळ चाचपून बघितली. "वहिनी... सगळी तोडलीत?"

"सगळी! दोरा बांधलेला दिसला, म्हटलं देवासाठी राखलंय ह्यांनी. माझा देव तो तुम्हीच! कळीसुद्धा मागे ठेवली नाही!"

"आणि... झाड?"

"म्हशीक घातलं!"

तेवढ्यात काशीराम आला. माळ बघितली, वाफा बघितला, मटकन पायरीवर बसला. रागवावं तर ही माउली हात जोडून उभी, रडावं तर सणाचा दिवस! डॉक्टर एकदा माळेकडे बघतात, एकदा सगुणाकडे... आणि एकदम हसायलाच लागले, चष्मा निसटेपर्यंत. म्हणाले, "ऊठ काशीराम! दोन वर्षं यंत्र चालवलं, पण असा मान मला जन्मात कुणी दिला नाही. मिरगाला पुन्हा बी आण, पहिल्यापासून सुरू करू. फक्त एक कर... फुलं आली की वहिनींना चार दिवस माहेरी पाठव."

काशीरामनं कपाळावर हात मारला. "पाठवलं असतं हो, डॉक्टरसाहेब... पण हिचं माहेर कुंपणापलीकडेच आहे!"