मृण्मयीचं लिनक्स काढलं तेव्हा

मंडळी, आरतीआधी एक विचारतो, खरं सांगा! ज्याच्यावर रुसलो, त्याच्या खुणा घरातून पुसल्या, की तो मनातूनही जातो? – जातो म्हणता? मग ऐका!

राजापूरचे सदूअप्पा. लेक एकुलती, मृण्मयी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, बंगलोरला गेली. अप्पा म्हणाले, "माझ्यापुरती संपली!" पण घरातला संगणक! त्यात संगणक चालवणारं अप्पांचं विंडोज, आणि शेजारी तेच काम करणारं, लेकीनं बसवलेलं लिनक्स – एका घरात दोन चुली! बटण दाबलं की काळा पडदा विचारी, कुणाकडे जायचं? वर 'मृण्मयी', खाली 'अप्पा'. देवळाची पत्रकं करायला बसावं, तर आधी तिचं नाव! अप्पा तिथं जरा थांबत. कुणाला दिसू न देता थांबत.

एके दिवशी उसळले. "काढूनच टाकतो!"

मृण्मयीची आई, कुमुदकाकू म्हणाल्या, "अहो, तिला विचारा तरी!"

"माझ्या घरात मी कुणाला विचारू?"

पुसला लेकीचा हिस्सा! संगणक पुन्हा लावला – आणि काय! नुसता अंधार, एक लुकलुकती रेघ! मृण्मयी नाही, अप्पाही नाहीत! अहो, दार उघडायचं काम लिनक्सकडे होतं. ते गेलं, विंडोज आतच कोंडलं!

काकूंनी लेकीला फोन लावला, नवऱ्याच्या कानाशी धरला.

"अप्पा?"

"अगं... ते सुरू होत नाही."

"माझं पुसलंत?"

"हो."

"कपाटात विंडोजची सीडी आहे, ती घाला. सांगते ते टाइप करा. सावकाश. चष्मा लावलाय ना?"

जिचं पुसलं, ती चष्मा विचारते, मंडळी!

पुसली मी अंगणीची पावलं लेकीची,
ओसरी तरी वाट पाही तिच्याच हाकेची!

विंडोज लागलं. थेट! ना प्रश्न, ना कुणाचं नाव. काम झालं, तरी अप्पा फोन ठेवीनात.

"तुझं ते... पुन्हा बसवता येईल?"

"येईल. पण फोनवर नाही जमायचं, अप्पा. मला यावं लागेल."

अप्पांनी काकूंकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं.

"जावयांना रजा मिळेल का गं?"

जावई! त्या घरात हा शब्द पहिल्यांदा उमटला, आणि काकूंनी पदर डोळ्यांना लावला!

आता तुमचं सांगा. फोनमधून कुणाचा नंबर काढून टाकलाय? – बघा, माना खाली गेल्या! पाठ आहे ना अजून? मग आरतीला थांबू नका. बाहेर जा, लावा. देव थांबेल!