लाडवांचं श्रेय

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुंजाराम अण्णा, आपल्या आहार प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. तेजल मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेल्या सर्व बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

राकेशने माझा परिचय करून देताना सांगितलं की, धनराज गांगुर्डे यांच्या फॉर्ममध्ये सव्वीस वर्षांत एकही रकाना रिकामा सापडला नाही. टाळ्याही वाजल्या. मी आपला आभारी आहे. राकेशचं मन मोठं आहे, एवढंच मी त्यावर म्हणेन.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लोकांच्या घरी जायचं आणि विचारायचं, काल काय खाल्लं? किती वाट्या? वर तेल किती? गरज पडली तर सकाळीच जाऊन बसायचं, शिजवलेलं मोजायचं, जेवण झालं की उरलेलं मोजायचं आणि वजाबाकी करायची. माणसं मोठी गमतीची असतात हो. फॉर्म दिसला की सगळ्यांनी काल पालेभाजीच खाल्लेली असते! पहिल्याच प्रश्नाला ‘काल वडापाव खाल्ला’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

या सव्वीस वर्षांत विज्ञानही स्वस्थ बसलं नाही. मी लागलो तेव्हा सगळा दोष तेला-तुपाचा होता. मग तो साखरेकडे गेला. मग पाकीटबंद खाऊकडे. आता आतड्यांतले जिवाणू मोजतात, आणि म्हातारपणी स्नायू झडू नयेत म्हणून प्रथिनं किती हवीत याचा शोध चालू आहे. दर वेळी आमच्या फॉर्मला नवं पान चिकटलं. आज तो चौतीस पानांचा आहे. मी तक्रार करत नाही, पण दुचाकीवरून नेताना जड होतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मॅडमनी मघाशी दिंडोरीकडच्या वृद्धांच्या पाहणीचा उल्लेख केला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आपण दोन वर्षं शेंगदाणे, डाळं, नाचणी आणि गूळ यांचे लाडू दिले. माझ्या गावांतल्या सहा जणांची वजनं वाढली, हाताची पकड सुधारली. माझी सहकारी सायली हिच्या गावांत तेच लाडू गेले, पण वजनं वाढली नाहीत. तेव्हा बैठकीत असं ठरलं की, माझ्या लोकांनी लाडू नेमाने खाल्ले आणि सायलीने तिच्या लोकांकडे लक्ष दिलं नाही. तिला बोलणी बसली. त्या दिवशी मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो आणि गप्प बसलो. सायली, तू तिथे मागे बसली आहेस, मला दिसते आहेस. सगळ्यांदेखत मी तुझी माफी मागतो.

मॅडम, पुढच्या महिन्यात जिल्ह्याला जाणारा अहवाल म्हणतो की हे लाडवांमुळे झालं. तो असा जाऊ नये. याचं पत्र माझ्या खिशात आहे. कार्यक्रम संपल्यावर गुपचूप तुमच्या टेबलावर ठेवून निघून जायचं, असा माझा बेत होता. पण राकेशने रकान्यांचं कौतुक केलं आणि माझी पंचाईत झाली.

आमच्या यादीत लंकाबाई नावाच्या एक बाई आहेत. सहभागींचं नाव उघड करायचं नसतं, हा नियम मला पाठ आहे. म्हणून मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगा की खुशाल! मी काय कुणाची चोरी केली का?” वय बहात्तर. दोन्ही मुलं कामाला दूर, घर द्राक्षबागांच्या मध्ये. पाहणीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे लाडू सुरू व्हायच्या आधी, दर तीन महिन्यांनी मी तीन दिवस त्यांच्याकडे जाई. आदल्या दिवशी फोन करून कळवत असे, कारण तशी पद्धत आहे. गेलो की दोन भाकरी, पिठलं नाहीतर उसळ, भात, वर लिंबाची फोड. कागदावर सगळं भरगच्च. आणि वर्षभरात वजन चव्वेचाळीसवरून साडेएकोणचाळीसवर आलं.

मी म्हटलं, वजनकाटा बिघडला असेल. काटा बदलून पाहिला. तेच.

एकदा दुसऱ्या गावाला जाताना, न कळवता, भर दुपारी मी त्यांच्या दारात थांबलो. त्या उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. हातात चहाचं पातेलं, चहात आदल्या दिवशीची भाकरी कुस्करलेली. घरात शेगडी गार होती. मला बघून त्या इतक्या ओशाळल्या की पातेलं पदराखाली झाकायला लागल्या.

“आज तुमचा वार नाय ना भाऊ? सांगायचं तरी, मी रांधलं असतं.”

मी विचारलं, “रोज असंच चालतं का?”

“एका जिवासाठी काय रांधायचं? कुणी समोर असलं तर घास खाली उतरतो. तुम्ही येता ते तीन दिस मी लय जेवते बघा.”

आता सांगा, सभागृहात एवढे शिकलेले लोक बसले आहेत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी जे मोजत होतो ते त्यांचं जेवण नव्हतंच. मी येण्याची तयारी होती ती. नियमाप्रमाणे अशा सहभागीपुढे ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून नाव काढायचं असतं. मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. नाव काढलं असतं, तर ते तीन दिवसही गेले असते.

त्यानंतरच्या रविवारी मी एसटीने तिकडे गेलो. फॉर्म नाही, काटा नाही. पिशवीत वांगी आणि मेथीची जुडी. म्हटलं, ताई, आज भुकेला आलोय. पाहणी करणाऱ्याने सहभागीच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा नियम मीच नव्या मुलांना शिकवत आलो आहे. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. मग यादीतल्या बाकीच्या पाच एकट्या माणसांकडेही जायला लागलो. दोन वर्षं, एकही रविवार आणि सुट्टी सोडली नाही. लाडूही नेमके तेव्हाच सुरू झाले. लंकाबाईंनी ते शेजारच्या शेळीला घातले. शेळी मात्र चांगली धष्टपुष्ट झाली, तिची नोंद आपल्याकडे नाही.

कुणी म्हणेल, धनराज मोठा परोपकारी. नाही हो, तसं समजू नका. अंजली, माझी पत्नी, जाऊन सात वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, रोज फोन करते, भली मुलगी आहे. पण इंदिरानगरच्या माझ्या घरात दोन खुर्च्यांचं टेबल आहे आणि मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो. उभ्याने जेवलं की जेवण लवकर आटपतं. दिवसभर दुसऱ्यांना प्रथिनांचं महत्त्व सांगायचं आणि घरी येऊन खारी आणि चहा. मी फार एकटा आहे, मंडळी. हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला सात वर्षं लागली, आणि तेही हातात माईक आला म्हणून. त्या रविवारांत माझं स्वतःचं वजन चार किलोंनी वाढलं.

तेव्हा मॅडम, माझी विनंती एवढीच. ही सहा नावं वगळा, माझ्यावर जो शेरा मारायचा तो मारा, सायलीच्या नोंदी मात्र खऱ्या माना. मी समोर बसलो म्हणूनच वजनं वाढली, असाही माझा दावा नाही. सहा माणसांवरून काही सिद्ध होत नसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पण पुन्हा पाहणी कराल तेव्हा न कळवता जा, आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा: कुणाबरोबर जेवलात? चौतीस पानांत तो कुठेच नाही.

गेल्या रविवारी मी लंकाबाईंना सांगितलं की मी निवृत्त होतोय आणि हे सगळं कबूल करणार आहे. त्यांनी विचारलं, “मग गळ्यातलं कार्ड काढून घेतील?” मी म्हटलं, हो. त्या बराच वेळ भात कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, कार्ड होतं म्हणून गाव काय बोललं नाय. आता येत जाऊ नका.”

त्यांचं बरोबर आहे. सरकारी दिसणारा माणूस कुणाच्याही घरात जाऊन बसू शकतो, नुसता माणूस नाही. मी मान डोलावली. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरी काय जेवता?” आणि सव्वीस वर्षं जे उत्तर मी ऐकून घेतलं, तेच माझ्या तोंडून आलं. म्हटलं, वरण, भात, पोळी, पालेभाजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

असो. वेळेचं भान सुटलं. संस्थेने मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझं अक्षर सहन केलं, शेकडो बायकांनी एका परक्या पुरुषाला चुलीपर्यंत येऊ दिलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कुणी दुखावलं असेल, तर निरोपाचा दिवस म्हणून पोटात घाला.

आणि राकेश, माझ्यासाठी डबा बांधून ठेवला आहेस असं कळलं. तो उघड. मी इथेच ताट घेऊन बसणार आहे. कुणाला घाई नसेल, तर समोर येऊन बसा.

धन्यवाद.