हॅम कुणी खाल्ला

...आणि पोरानं काय केलं? जेवला. एवढंच. तुम्हाला सांगते, माझा भाचा टेव्हियन कॉलेजच्या फुटबॉल संघात, शनिवारी वर्षातला सगळ्यात मोठा सामना, अख्खं गाव लाल टोप्या घालून तयार, आणि याला म्हणे खेळता येणार नाही. का, तर एजंटाचं अन्न खाल्लं!

आता हा एजंट कोण, तर क्रॅडॉक. पोरं कॉलेजात असतानाच त्यांना गुपचूप काहीबाही चारून बांधून ठेवायचं, म्हणजे पुढे मोठ्या संघात गेली की कमाईत याचा वाटा. बंदी आहे हो याला, पण ती कुणाला? क्रॅडॉक काही कॉलेजात शिकत नाही, त्यामुळे कॉलेजचा नियम त्याला लागतच नाही. लागतो तो जेवणाऱ्याला!

आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला प्रत्येकीनं घरून एकेक पदार्थ आणायचा असतो. त्यात हा कडक इस्त्रीचा माणूस हा एवढा हॅम घेऊन आला, डुकराची अख्खी मांडी, हाडासकट, मध लावून, लवंगा टोचून भाजलेली, आणि म्हणतो कसा, "माझे आजोबा इथलेच." आता हॅम घेऊन आलेल्या माणसाला ओळखपत्र कोण विचारतं? मीच त्याला खुर्ची दिली. टेव्हियनच्या ताटात हॅम वाढला तोही मीच. पोरानं काय केलं? जेवला. पास्टर मोझलींनी तर तीनदा घेतला, त्यांच्या प्रवचनावर कुणी बंदी आणली का?

मग क्रॅडॉक गावभर सांगत सुटला, टेव्हियन आपलाच, आपल्या हातचं खातो. झालं... शुक्रवारी कॉलेजातून मिस्टर व्हिटेकर चौकशीला आले. ताठ माणूस, हसायचं विसरलेला. आणि टेव्हियन, दारातून वाकून येणारा पोरगा, माझ्या स्वयंपाकघरात असा अंग चोरून बसलेला की मला पाहवेना.

"हॅम घेतलास ना?"

"ताट घेतलं, सर. मावशी वाढत असताना नको म्हणायची आमच्यात छाती नाही कुणाची."

तोवर जेवणाची वेळ झाली. दारी आलेला माणूस उपाशी पाठवायचा कसा? मी चवळी आणि मक्याचा पाव पुढे ठेवला. साहेबांनी एक वाडगा संपवला, दुसरा मागून घेतला. मग विचारतात, "मॅडम, चवळीला ही चव कशाची?"

म्हटलं, "हाडाची. त्याच हॅमच्या. हाड टाकून देतात होय कुणी?"

चमचा हवेतच. टेव्हियन छताकडे बघायला लागला. मी आपलं हळूच म्हटलं, "घाबरू नका. तुम्ही काय केलंत? जेवलात."

आणि तुम्हाला सांगते, तो माणूस हसला, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला! मग म्हणाला, "ज्याला ठाऊक नव्हतं त्याला काय शिक्षा करायची? नाहीतर आधी मलाच घरी बसवावं लागेल." ओसरीवर जाऊन फोन केला आणि आत येऊन टेव्हियनच्या खांद्यावर हात ठेवला. शनिवारी पोरगा असा धावला, असा धावला, की माझा घसा अजून बसलेला आहे, ऐकताय ना?

पण क्रॅडॉकला कुणी काही केलं का? छे! आज सकाळी पायरीवर पुन्हा हॅम. नाव नाही, गाव नाही. मी बोटही लावलं नाही. आत जाऊन व्हिटेकरसाहेबांना फोन लावला, म्हटलं, पुरावा आहे, या. बाहेर येऊन बघते तर आमचा कुत्रा बिस्किट, मिटल्या डोळ्यांनी हाड चाटतोय... आता त्याला काय बोलू? त्यानं तरी काय केलं? जेवला.

कॉलेजात मात्र खेळता येणार नाही बिचाऱ्याला.