माशीखाऊ झाडाच्या अळ्या

गंगापूर रोडच्या शेती-औषधांच्या दुकानात माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एकीच्या हातात इवलीशी कुंडी, दुसरीच्या पिशवीत किडकी वांगी.

"ताई, हे कशाचं रोप?"

"माशा खाणारं झाड आहे, मावशी. पान मिटून माशी पकडतं."

"मंग औषध कशाला?"

"मातीत अळ्या झाल्यात. मुळं खातात."

"कशाच्या अळ्या?"

"बारीक काळ्या चिलटांच्या."

"म्हंजे हे वर आयांना खातंय, आन् खाली पोरं ह्यालाच खात्यात."

"हसू नका हो. लेकीचं आहे. परीक्षेला गेलीय, रविवारी येते. फक्त पाणी घाल म्हणाली होती."

"मंग काय घातलं?"

"पाणी. आणि रोज थोडं दूध."

"दूध?"

"नुसत्या माशांवर कसं भागणार त्याचं?"

"ताई, औषध नका टाकू. दूध बंद करा, माती बदला. आन् आमी वांग्यात लावतो तसा पिवळा चिकट कागद लावा. समदी चिलटं चिकटत्यात."

"मग हे खाणार काय?"

"धरू द्या की एखादा उपास. नायतर आमच्या गोठ्यावर आणा. पोटभर जेवून जाईल."

"शनिवारी आणलं तर चालेल?"