कोटातलं जास्तीचं कापड

शिंप्याच्या दुकानात एक आजी आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. पुढे नणंद-भावजय कोट घेऊन उभ्या होत्या.

“मास्तर, कोट कंबरेत आत घ्या. वहिनी अर्धी झालीये.”

“घेतो. जास्तीचं कापड कापू, की आतच ठेवू?”

“कापा!”

“नको, ठेवा. मागच्या कोटाचं कापलं, आणि पंचाईत झाली. वर्षात बटणं लागेनात.”

“तेव्हा तू उपाशी राहायचीस, वहिनी. आता भूक ओळखून जेवतेस, रोज चालतेस.”

“तेही खरं. मग कापा. नाही, थांबा.”

“ताई, कात्री धरून हात अवघडला.”

“बरं, कापा. पण कापलेलं कापड मला पिशवीत घालून द्या.”

“म्हणजे स्वतःवर भरवसा आहे की नाही तुझा?”

“तेच तर कळेना गं!”

कात्री चालली. आजींनी पाहिलं, वहिनीने डोळे गच्च मिटले होते आणि हात मात्र पिशवीसाठी पुढे केला होता.