दोन सेकंदांची मुदत

पौडच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या नलिनीचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे तुळजाबाई, काठी धरलेले त्यांचे यजमान अण्णा आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेला त्यांचा भाडेकरू निरंजन बसले होते.

"अण्णा, चहा कसा आणू?" निरंजनने विचारले.

अण्णांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तुळजाबाईच बोलल्या,

"तू तुजं काम कर. सांगत्याल ते. अंगावरनं वारं गेल्यापासनं बोल उशिरा येतुया. पर मगाधरनं काय बडवतुयास त्यात?"

"कॅश आणि डेटाबेसची जोडणी बिघडलीय, मावशी. कॅश म्हणजे तुमचा ओट्यावरचा डबा. त्यात नसलं की मागच्या कोठीत जायचं. ती कोठी म्हणजे डेटाबेस."

"मंग जायाचं की कोठीत!"

"जातो ना. पण उत्तराची वाट किती बघायची, ते मी ठरवून दिलंय. दोन सेकंद. तेवढ्यात आलं नाही, तर कनेक्शन तोडायचं."

"आन् कोठीत माल असला तर?"

"असतोच. शोधायला वेळ लागतो."

"मंग तोडतुयास कशापायी रं?"

"मागचे खोळंबतात."

"खोळंबू दे की जरा."

"बरं, पाच करतो."

"चाललं का?"

"चाललं, मावशी!"

"नलिनीताई, चला आत," कंपाउंडरने हाक मारली. नलिनी उठली नाही. अण्णांचे ओठ हलत होते.

"माजा... बिनसाखरेचा. हिचा... आलं घालून."